उभं राहायची पाळी

– नाही नाही, बसा ना, ते स्टूल तसंच आहे, डगमगतं पण अजून कुणाला पाडलेलं नाही. डावा पाय जरा भिंतीकडे रेटा की झालं. हां. तर मी काय म्हणत होते? रनर. चेनचे दात धडधाकट आहेत तुमच्या, नुसता रनर गेलाय. एवढ्यासाठी लोक बॅग टाकून देतात हो! म्हणजे शर्टाचं बटण तुटलं की शर्टच फेकायचा – आणि जातात मोठ्या दुकानात, नवी आणतात, ती सहा महिन्यांत उसवते, तोवर जुनी गेलेली असते कचऱ्यात. तुम्ही नाही टाकलीत. तुम्ही हे जिन्याखालचं, कपाटाएवढं दुकान शोधत आलात. कुणी सांगितला पत्ता? बरं, नका सांगू. पाटी वाचून आलात म्हणू. पाटी माझी जिन्याच्या मागच्या अंगाला आहे, ती आजवर फक्त मांजरानं वाचलीय, पण असू दे, आलात ना – अगंबाई, बोटं बघा माझी, निळी झाली! रंग सोडतेय की काय तुमची बॅग? हल्ली रंग असलेच, धुतले की पळाले. तुमचे हातही बघते ना मी, नखांत माती आहे, बागकाम करता वाटतं. छान. हाताला काहीतरी लागलेलं असलं की माणूस कामाचं वाटतं.

हसताय का? फार बोलते म्हणून? अहो, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं – सासूबाई म्हणायच्या माझ्या. हे मशीन त्यांचंच. त्या स्वतः मात्र दिवसाला चार शब्द बोलायच्या आणि तरी रांग जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत, म्हणजे म्हणी काही सगळ्यांना लागू होत नाहीत. पण आज मी जरा जास्तच सुटलेय, त्याला कारण आहे, आणि कारण तुम्ही आहात. सांगू? सांगतेच, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. आज वार कोणता? शनिवार. गेल्या शनिवारी लेकीनं मला फोनवर कोंडीत पकडलं. ती राहते लांब, जावई सज्जन, एक खोली रिकामी, खिडकीतून झाड दिसतं म्हणे – दोन वर्षं एकच टुमणं, आई, दुकान बंद कर आणि ये. मी आपली सांगते, अगं झकास चाललंय माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तर ती म्हणाली, खरं सांग, महिन्यातून तरी गल्लीबाहेरचं, अनोळखी असं एक गिऱ्हाईक येतं का तुझ्याकडे? माझीच मुलगी, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवते. मी म्हटलं, एक काय, दहा येतात! ती म्हणाली, दहा नकोत, एक दाखव. पुढच्या शनिवारी शटर पडायच्या आत एक अनोळखी माणूस बॅग घेऊन आला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही – नाही आला तर सोमवारी गाडी घेऊन येते आणि तुला मशीनसकट उचलते. मी म्हटलं, लागली पैज! बोलायला काय जातं हो, जीभच हलवायची असते. मग सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी एक बाई दारात थबकली, माझा जीव वर आला, तर ती विचारते, वरच्या मजल्यावर डॉक्टर बसतात का? काल संध्याकाळी मी सुया डबीत भरायला घेतल्या. खोटं कशाला सांगू, रडलेसुद्धा जराशी. आणि आज पाच वाजता दारात कोण? तुम्ही! चेहरा नवा, बॅग नवी – म्हणजे जुनी, पण मला नवी. आता सांगा, बोलू नको तर काय करू?

ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही मी. गल्लीत कळलं असतं तर कल्लोळ झाला असता. एकदा फक्त सलूनवाल्यासमोर तोंडातून निघून गेलं, पण तो कात्री हातात असताना ऐकत नाही.

गल्लीतली माणसं येतात हो. पण ती पैजेत धरायची नाहीत. ती धरली तर मी केव्हाच जिंकले. कारण काय आहे – हे तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही परक्या, परक्याला सांगितलेलं गल्लीत परत येत नाही – आमच्या गल्लीत एक पद्धत आहे. आम्ही तिला ‘उभं राहणं’ म्हणतो. माणूस रिकाम्या दुकानात शिरत नाही, बघा तुम्ही. दोन दुकानं शेजारी असली, एकात चार माणसं आणि एकात माशा, तर तो चार माणसांच्यात पाचवा घुसेल, पाय तुडवून घेईल, पण मोकळ्या दुकानात जाणार नाही. का? देव जाणे. मग आम्ही काय करतो, कुणी नवीन दुकान काढलं, नाहीतर जुन्याचं चालेनासं झालं, की पाळीपाळीनं त्याच्या दुकानात जाऊन उभं राहतो. गिऱ्हाईक म्हणून. आपलं शटर अर्धं ओढायचं, ‘पाच मिनिटांत येतो’ अशी पाटी लावायची आणि जायचं उभं राहायला. ही अक्कल कुणाची? आता आपल्या तोंडानं काय सांगायचं. माझीच.

आणि नुसतं उभं राहून भागत नाही, शिकवावं लागतं! पहिल्या पहिल्यांदा ही मंडळी अशी उभी राहायची, जणू फोटो काढायला बोलावलंय. खांद्याला खांदा लावून, हात मागे. मी म्हटलं, अरे, हलवा काहीतरी, उचला, हुंगा, खाली ठेवा, पुन्हा तेच उचला. जोरात स्तुती करू नका, ती खोटी वाटते – हळूच म्हणा, ‘मागच्या वेळी नेलं ते अजून टिकलंय’. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, किंमत विचारा! उभं राहणारा माणूस ओळखायची एकच खूण आहे – तो किंमत विचारत नाही. त्याला घ्यायचंच नसतं, मग सुचणार कशी? खरं गिऱ्हाईक दारात पाय टाकायच्या आधी ‘केवढ्याला’ म्हणतं, मग तोंड वाकडं करतं, मग घेतं. हे मी शंभरदा घोकून घेतलंय सगळ्यांकडून. तरी विसरतात. सलूनवाला तर – त्याला वाटतं तो मोठा नट आहे, संधी मिळाली नाही म्हणून दाढ्या करतोय. चष्मेवाल्याकडे उभं राहायची पाळी आली तर हा आंधळ्यासारखा चाचपडत शिरला. काचेवर आपटला काय, ‘मला काहीच दिसत नाही’ म्हणाला काय! एक खरं गिऱ्हाईक आलं होतं चष्मा बनवायला, भलं माणूस, त्यानं याचा हात धरला, रस्ता ओलांडून दिला, थेट बसथांब्यावर नेऊन सोडलं आणि बस आली तशी स्वतःही तिच्यात बसून गेलं. चष्मा राहिला! चष्मेवाला आठ दिवस बोलत नव्हता त्याच्याशी. दाढी वाढवली रागानं.

पण माझ्यावर हसायची पाळीही आलीय हं, ती लपवत नाही. साबणवालीचं दुकान. ती घरी साबण बनवते, काय सुंदर वास, पण पहिले तीन आठवडे दारात चिटपाखरू नाही. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, थांब, तुला गर्दी आणते. आता मला एक वाईट खोड आहे, माझा कुणावर विश्वास नाही. वाटलं, पाळ्या लावल्या तर कुणीतरी विसरणार. म्हणून मी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मंगळवारी अकराला तू जा – बाकीच्यांचा भरवसा नाही, तुझ्यावर सोपवलंय’. असं पंधरा जणांना सांगितलं. पंधराही जणांनी मनावर घेतलं! बरोबर अकराला पंधरा शटरं अर्धी खाली, पंधरा दारांवर ‘पाच मिनिटांत येतो’, आणि अख्खी गल्ली त्या एवढ्याशा दुकानात साबण हुंगतेय. श्वास घ्यायला जागा नाही, आणि घेतला की शिंक येतेय. आणि त्याच दिवशी, त्याच वेळी कोण यावं? व्यापारी मंडळाचे तीन परीक्षक! ते बाजारातली सगळ्यांत वाढती गल्ली निवडत फिरत होते, न सांगता. गल्लीच्या तोंडापासून शेवटपर्यंत चालत आले बिचारे, एकही दुकान उघडं नाही, आणि टोकाला हे असं. आत शिरता येईना त्यांना. बाहेरूनच एकानं विचारलं, काय मिळतं इथं? आणि आमचा नट आतून ओरडला, ‘रांगेत या!’

गल्लीचा मान गेला म्हणून मी तोंड लपवत होते. तर आठ दिवसांनी फलक आला! गल्लीला नाही, साबणवालीला – ‘सर्वांत वेगानं वाढणारं दुकान’. लावलाय बघा तिनं दारावर, सोनेरी अक्षरं. आणि मग काय, फलक बघून खरीच माणसं यायला लागली. आता तिथं गेलात ना, तर कळायचं नाही तुम्हाला, उभं राहायला आलेला कोण आणि घ्यायला आलेला कोण. तिलाही कळत नाही. आता तर बहिणीला हाताशी घेतलंय तिनं आणि शेजारची खोलीही घेतली. मला वाटतं ना, ही सगळी मोठमोठी दुकानं आहेत त्यांचंही असंच असेल, पहिल्यांदा कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी साडू जाऊन उभा राहिला असेल. नाहीतर पहिलं गिऱ्हाईक होतं कसं कुणी?

माझ्याकडे? माझ्याकडे कोण उभं राहणार, अहो, जागा कुठाय! तुम्ही बसलात तर मला शिंकायचं झालं तरी जिन्यात जावं लागेल. आणि मी सांगूनच ठेवलंय सगळ्यांना, माझ्याकडे खोटं गिऱ्हाईक चालणार नाही. मी शिकवणारी, मलाच शिकवणी? पण ही माणसं कसली ऐकतात. तीन महिन्यांपूर्वी साबणवालीची बहीण आली, तपकिरी बॅग घेऊन, कॅनव्हासची. तळाची शिवण उसवलीय म्हणाली. केली मी. महिन्याभरानं चष्मेवाल्याचा मेव्हणा आला, तपकिरी बॅग, पट्टा तुटलेला. केला. मग धुलाई-रंगाईवाल्याची आई, आत अस्तर फाटलेलं. मग सलूनवाल्याचा कोण लांबचा मामा, कडेची शिवण उसवलेली, रात्रीच्या गाडीनं जायचंय, घाई आहे – आणि पुन्हा तपकिरी! आता त्यांना काय माहीत. सासूबाईंची एक रीत होती, ती मी पाळते. काम झालं की अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं कुणाचा हात जात नाही, तिथं लाल दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. म्हणायच्या, बॅग फिरून आली तर आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे – चांगलं असेल तर मान वर करायला, वाईट असेल तर खाली घालायला. मामाची बॅग मी उलटी केली तर आत तीन गाठी ओळीनं बसलेल्या! माझ्या. आणि मग आठवलं, मेव्हण्याचा तो पट्टाही तुटलेला कुठला, ब्लेडनं कापलेला होता, सरळ रेघ. शिवण आपणहून उसवते ती अशी नाही उसवत, ती रडत रडत उसवते.

मी काय केलं? काही नाही. मुकाट्यानं शिवली, चौथी गाठ मारली, प्रवास सुखाचा होवो म्हटलं मामाला. घरी जाऊन हसले आधी. मग हसू गेलं. कारण हसून झाल्यावर उरतं काय, की तीन महिन्यांत माझ्याकडे काम म्हणून जे आलं ते सगळं त्या एकाच बॅगेचं होतं. पंधरा दुकानांची माणसं आपल्या हातानं बॅग फाडतात आणि मी ती शिवते. प्रेम आहे हो, मला कळत नाही असं नाही. पण प्रेमानं हात रिकामे राहतात. मग मीही जरा खोडी काढली. केस कापून घेताना सलूनवाल्याला म्हटलं, भाऊजी, हल्ली तपकिरी रंग बघितला की मला मळमळतं, का कोण जाणे. असा पांढरा पडला, माझ्या कानाचा कोपराच जाणार होता.

म्हणून म्हणते, तुम्ही आलात ते बरं झालं. लेकीला आता ताठ मानेनं सांगेन. नाहीतर सोमवारी माझी मोठी पंचाईत झाली असती – सोमवारी कोपऱ्यावर नवं दुकान उघडतंय. त्या काचांवर कागद चिकटवलेत ना, ते. रोपांचं दुकान म्हणे, कुंड्या, बी, माती असलं. कोण बाई आहे, अजून बघितली नाही मी तरी, माझं शटर उघडायच्या आत येते आणि जाते, सगळं बोलणं सलूनवाल्याशी, जागा त्याचीच आहे. तिच्याकडे उभं राहायच्या पाळ्या लावायच्यात, आणि मी नसले तर हे लोक काय करतील? कुंडीसारखे उभे राहतील रांगेनं. किंमत तर एक जण विचारणार नाही.

झाला बघा रनर. ओढून बघा, लोण्यातून सुरी. आता फक्त गाठ मारते हं माझी, एक मिनिट, अस्तराचा कोपरा उलटा केला की –

...

थांबा जरा. चष्मा कुठं गेला माझा.

एक. दोन. तीन. चार.

रंगवलीत. रंगवलीत हो बॅग! तरी म्हटलं बोटं निळी कशी झाली – धुलाई-रंगाईवाल्यानं अख्खी बॅग निळ्यात बुडवली! पट्ट्यासकट! एका म्हातारीच्या मळमळीसाठी! आणि अस्तर तपकिरी राहिलं ते राहिलंच, वरवर रंगवायची सवय त्याची, कामात कधी आत बघत नाही मेला. आणि तुम्ही – नका, उठू नका. बसा. नखांत माती. पत्ता कुणी सांगितला विचारलं तर गप्प. मी एवढी बडबडले, एवढा वेळ काम केलं, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, केवढ्याला म्हणून.

एकदाही नाही.

म्हणजे कात्री हातात असताना त्याला सगळं ऐकू येतं तर.

अगं, तोंड कशाला उतरवतेस? आता अहोजाहो बंद, कोपऱ्यावरची झालीस, गल्लीतली झालीस. दुकान उघडायच्या आधीच उभं राहायची पाळी दिली तुला, आणि तीही माझ्याकडे – सगळ्यांत अवघड दुकान दिलं गं त्यांनी तुला. आणि केलंस चांगलं. नाही म्हणजे, वाईट केलंस, पण गप्प छान राहिलीस. डोळे कशाला भरून आणतेस? माझे भरलेत ते रंगानं. उग्र असतो.

थांब. मला विचार करू दे. पैज काय होती? शब्दन् शब्द आठवतो मला. ‘शनिवारी शटर पडायच्या आत एक अनोळखी माणूस बॅग घेऊन आला तर’. आलीस ना? बॅग होती ना? आणि पाच वाजता मी तुला ओळखत होते का? नव्हते! मग झालं तर. बॅग ओळखीची नको असं कुठं ठरलं होतं? लेकीनं नीट विचार करून पैज लावायची, मी काय करू – हा बघ, तिचाच फोन. शनिवारी सात म्हणजे सात, बापावर गेलीय... हां, बोल गं... हो, आलं. आलं म्हणजे, समोर बसलंय. बाई आहे. नाही, कधी पाहिलेली नव्हती मी तिला, तुझी शपथ... चेन. निळी बॅग... नाही, सोमवारी नको येऊ, सोमवारी मला वेळ नाही. अकरा वाजता काम आहे. बाहेर. आणि मग रोज आहे पंधरा दिवस, आणि पाळ्या लावायच्यात, आणि या वेळी एकेकाला बाजूला घेऊन नाही सांगायचं, कागदावर लिहून द्यायचं... रडत नाहीये, निळा रंग गेलाय डोळ्यात. ठेव.

ठेवला.

काय बघतेस? ही घे बॅग. पाचवी गाठ मारलीय, नियम म्हणजे नियम. सलूनवाल्याला सांग, म्हातारी फसली, काही कळलं नाही तिला, खूश होऊ दे बिचारा. आणि बोलायला शीक जरा, तुला तर खरोखरच माती विकायचीय. आता ऊठ. आता तू ओळखीची झालीस, गिऱ्हाईक म्हणून तुझा मला काडीचा उपयोग नाही. सोमवारी अकराला येते मी उभी राहायला, पहिली. आणि आल्या आल्या किंमत विचारणार, तोंड वाकडं करणार, घासाघीस करणार – तू रडायचं नाहीस. नीघ. स्टूल भिंतीकडे लावून जा.